बारावी सायन्सची आदिवासी मुलं नर्सिंग, लॅबकडे वळावीत म्हणून काय करता येईल? (मेळघाट)

धारणीचे सर:
नमस्कार मंडळी. धारणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत जीवशास्त्र शिकवतो. मुलं बहुतेक कोरकू. पुढं काय व्हायचं विचारलं की दोनच उत्तरं येतात: पोलीस भरती नाहीतर डॉक्टर. डॉक्टर म्हणजे नीट. ती निघाली नाही की पोरगं दिवाळीनंतर घरच्यांसोबत कामाला बाहेर, अन् पोरीचं लग्न. एएनएम, जीएनएम (दोन्ही नर्सिंगचे कोर्स), डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) ही नावंही त्यांच्या कानावर आलेली नसतात.

अन् माणसं तर इथंच पाहिजेत. आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. पण आत बसलेल्याला कोरकू येत नसेल तर बाई सांगते एक अन् कागदावर उतरतं भलतंच. मग ती भूमकाकडं, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडं जाते. तो निदान ऐकून तरी घेतो. त्या खुर्चीत गावचीच पोरगी बसली पाहिजे, असं माझं मत.

इथंच मेळघाटात रुग्णसेवा करणाऱ्या बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हेंना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, ते वर्गात सांगतो. मुलं टाळ्या वाजवतात, झालं. ती मोठी माणसं, आपण कुठं, असंच त्यांना वाटत असावं. काय करू?

उपकेंद्रातली सिस्टर, नंदुरबार:
सर, भाषणं राहू द्या. लसीकरणाच्या दिवशी मुलांना अंगणवाडीत न्या. आशाताईंना सांगून दंडघेराची पट्टी हातात द्या. ११.५ सेंमीच्या खाली आलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. आपल्याच पाड्यातल्या बाळाचा दंड लालमध्ये येताना पाहिला की पोरं गप्प होतात, मग प्रश्न सुरू होतात. लशीच्या बाटलीवरचा चौकोनही दाखवा. उष्णता लागत जाते तसा तो गडद होतो. बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. तुमचा सायन्सचा तासही त्यातच होईल. मी स्वतः आमच्या सिस्टरची पेटी उचलून पाड्यांवर फिरायचे, तिथूनच एएनएमला गेले.

शंकेखोर:
म्हणजे शहरातल्या मुलांनी एमबीबीएस करायचं आणि कोरकू मुलांनी एएनएम? सर, तुम्हीच त्यांची उडी आखूड करताय. राखीव जागा आहेत, नीटची चांगली तयारी करून घ्या की.

बंधपत्रवाला डॉक्टर:
शंकेखोरांचा मुद्दा अर्धा बरोबर. ज्याची तयारी आहे त्याने नीट द्यावीच. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ पासून आहे. तिथे पहिल्याच वर्षी विद्यार्थी गावात शिबिराला राहतात. असं कॉलेज निवडायला सांगा.

मात्र 'सेवा, त्याग' हे शब्द वर्गात नकोत. मी बंधपत्राचं (एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. क्वार्टरला पाणी नव्हतं, पगार रखडायचा. त्यागावर किती दिवस निघणार? पगार किती, कायम की कंत्राटी, हे मुलांना खरं खरं सांगा. आणि पदवीशिवाय काम होत नाही, असंही नाही. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्या बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं केलं. गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याच्या शोधग्रामच्या आरोग्यदूतांनी घरोघरी केलेल्या नवजात बाळांच्या देखभालीवरचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

धारणीचे सर:
शंकेखोर, राग नाही. पण नीटच्या क्लासला पोरगं अमरावतीला किंवा त्याहून लांब ठेवायचं, तो खर्च कोण उचलणार? वर्गातल्या दोघातिघांना मी नीटच देऊ म्हणतो. प्रश्न उरलेल्यांचा आहे. एएनएम दोन वर्षांचं अन् फक्त मुलींना. पोरांना जीएनएम, डीएमएलटी आहे. अन् जीएनएम झालेलीला पुढं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे नर्सिंगची पदवी करता येते, वाट तिथं संपत नाही.

सिस्टर, पट्टीचं पटलं. आमच्या आशाताईंशी बोललो, पुढच्या सत्राला अकरावीची मुलं नेतो.

डॉक्टर, पगाराचं सांगतो. त्याआधीची अडचण जात वैधता प्रमाणपत्राची. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ, तोवर प्रवेश संपलेले. आजोबांच्या वेळचा कागद ज्या घरात सापडत नाही तिथं तर विचारूच नका. म्हणून यंदा अकरावीतच अर्ज भरून घेतोय. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे नर्सिंगच्या मुलींना वेळेवर मिळाले का? कोणी अर्ज केला असेल तर इथंच लिहा. पालकसभेत पहिला प्रश्न तोच येतो.