शिकल्याने पूर्वग्रह कमी होतात की धारदार होतात?

नारायणपेठी
अंधश्रद्धा आणि अंधभक्ती हे न शिकलेल्यांचे आजार, असा समज पुण्यात पक्का रुजलाय. माझं मत उलट आहे. शिक्षणाने माणूस स्वतःच्या मताची वकिली करण्यात तरबेज होतो.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॅन काहन यांनी तिथल्या लोकांना त्वचेच्या मलमाचा एक तक्ता दिला. मलम लावलेल्यांपैकी 223 जणांचं पुरळ कमी झालं, 75 जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी 107 जणांचं कमी झालं, 21 जणांचं वाढलं. घाईत नजर 223 वर जाते आणि मलम गुणकारी वाटतं. प्रमाण काढलं की चित्र पालटतं: लावणारे 75 टक्के बरे, न लावणारे जवळपास 84 टक्के. गणित पक्कं असलेल्यांना हे जास्त जमलं. मग तेच आकडे बंदूकबंदी आणि गुन्हेगारी या नावाने दिले. आता पहिल्या नजरेचं उत्तर आपल्या पक्षाच्या सोयीचं असेल तर हुशार मंडळी तिथेच थांबली, गैरसोयीचं असेल तरच प्रमाण काढत बसली. दोन पक्षांतली दरी गणितात पक्क्या असलेल्यांमध्येच जास्त रुंद निघाली.

हेल्मेटसक्तीच्या वादात हेच चालतं. एक बाजू मृतांपैकी किती जण विनाहेल्मेट होते तेवढंच सांगते, दुसरी 'हेल्मेट घालूनही अमुक गेलाच' एवढंच. चारही खाने भरायचे तर अपघातातून वाचलेलेही हेल्मेटसह आणि हेल्मेटविना मोजावे लागतात. तो आकडा कुणीच मागत नाही.

मुठाकाठ
असहमत. एका प्रयोगावर एवढी इमारत बांधू नका. इतरांनी तो पुन्हा केला तेव्हा ही दरी प्रत्येक वेळी सापडली नाही. पेनिकुक आणि रँड या मानसशास्त्रज्ञांचा 2019 चा अभ्यास तर उलट बोलतो. बॅट आणि चेंडू मिळून 110 रुपये, बॅट चेंडूपेक्षा 100 रुपयांनी महाग, तर चेंडू केवढ्याला? तोंडावर 10 येतं, उत्तर 5 आहे. अशा प्रश्नांत न घसरणारे लोक खोट्या बातम्याही नीट ओळखतात, अगदी स्वतःच्या पक्षाला सोयीच्या असल्या तरी. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जे फिरतं त्यात वकिली कमी, आळस जास्त आहे. त्यात पुनरावृत्तीची भर. तेच विधान पुन्हा कानावर आलं की ते अधिक खरं वाटू लागतं, हे 1977 पासून माहीत आहे. सकाळी तीन गटांतून तोच मजकूर आला की झालं.

एकतारी
तुम्ही दोघंही श्रद्धा म्हणजे चुकलेलं गणित धरून चालला आहात. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला, हा दावा होता. भरलेला चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध दगडावर ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर तो ओघळ दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, ओघळ दिसला, निकाल लागला. भवानी पेठेत माउलींच्या पालखीबरोबर मुक्कामाला येणारा वारकरी मात्र कुठला निष्कर्ष काढून आलेला नसतो. दिंडी, माळ, अभंग, सोबतची माणसं यांतून तो घडतो. त्याला पूर्वग्रहाचं माप लावूच नये.

नारायणपेठी
@एकतारी, वारीबद्दल मान्य. पण सोबत इतकी निरुपद्रवी नसते. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे गट क्ले आणि कांडिन्स्की या चित्रकारांच्या नावावर पाडले. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटताना आपल्यांना थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यांपेक्षा जास्त मिळावं, अशी वाटणी त्यांनी बऱ्याचदा केली. इथे तर जात, पेठ, मंडळ, पक्ष आहेत. त्या सोबतीसाठी माणूस तपासता येण्यासारखे दावेही उचलून धरतो.

कागदपत्र
मी उपायाकडे येतो. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 1984 साली फाशीच्या बाजूच्या आणि विरोधातल्या लोकांना फाशीच्या परिणामांवरचे अभ्यास वाचायला दिले. 'निःपक्षपाती राहा' असं सांगून काही फरक पडला नाही. 'निकाल उलटा आला असता तर या पद्धतीला हेच गुण दिले असते का?' असं विचारायला लावल्यावर पडला.

पुण्यातल्या नदीकाठ सुधार योजनेवरचा कुठलाही अहवाल असा वाचा. निष्कर्षाचं पान झाका. पूररेषा किती विसर्ग धरून आखली, खडकवासला धरणातून किती क्युसेक सुटतील असं मानलं, पुलांचे अडथळे मोजले का, हे पाहून दहापैकी गुण लिहा. मग पान उघडा. गुण बदलावेसे वाटले तर कारण लिहूनच बदला. हे सभेत तोंडी करू नका. चारचौघांत एकदा बोललेला आकडा माणूस खाली आणत नाही. घरून लिहून आणा.

मुठाकाठ
@कागदपत्र, हे ज्याला करायचंय तोच करेल. 2019 च्या निवडणुकीत संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये घरोघरी तासाभराचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. खोटी बातमी ओळखण्यात एकूण फरक पडला नाही, काही पक्षसमर्थकांत तर उलटा परिणाम दिसला. पुढे त्याच राज्यात शाळकरी मुलांचे अनेक आठवडे वर्ग घेतले, तेव्हा पडला. तुमची झाकलेल्या पानाची रीत महापालिकेच्या शाळांत आठवीपासून, आठवड्याला एक तास, निदान एक पूर्ण सत्र शिकवा. सोसायटीच्या सभेत एका संध्याकाळी ती जमणार नाही.