ब्रिटिश विनोदी मालिकांचे अमेरिकी अवतार : आपले अनुभव लिहा

मूळ ब्रिटिश मालिका आणि तिच्यावर बेतलेली अमेरिकी मालिका, या दोन्ही ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी काय भावले आणि काय खटकले हे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करते.

बीबीसीवर २००१ साली सुरू झालेली 'द ऑफिस' नाताळच्या विशेष भागांसह अवघ्या १४ भागांत संपते. एनबीसीने २००५ मध्ये तिचा अमेरिकी अवतार आणला, तेव्हा पहिला भाग जवळजवळ जसाच्या तसा उचललेला होता. जेलीत बुडवलेला सहकाऱ्याचा स्टेपलर तोच, आणि रिसेप्शनिस्टला खोटेच कामावरून काढून टाकण्याची साहेबांची क्रूर थट्टाही तीच. मूळ मालिकेत ती मुलगी रडू लागते तेव्हा पडद्याकडे बघवत नाही. अमेरिकेत तोच प्रसंग मला उसना वाटला. दुसऱ्या पर्वापासून मात्र अमेरिकी मालिकेचे कर्ते ग्रेग डॅनियल्स आणि त्यांच्या लेखकांनी तिथल्या साहेबाला, मायकल स्कॉटला, माणसांच्या प्रेमासाठी आसुसलेला, पण विक्रीच्या कामात खरोखर तरबेज असा केला. वर्षाला वीसहून अधिक भाग करायचे, तर ज्याचा निव्वळ संताप येतो अशा साहेबाला प्रेक्षक दर आठवड्याला घरात घेणार नाहीत, हे त्यांनी अचूक ओळखले, आणि मालिका २०१ भाग चालली. तरीही माझे मत स्लाउच्या, म्हणजे मूळ मालिका जिथे घडते त्या गावाच्या, बाजूने आहे, कारण दुसऱ्या पर्वाच्या शेवटी नोकरी जाऊ नये म्हणून तिथला साहेब डेव्हिड ब्रेंट जी गयावया करतो, तिला अमेरिकी मालिकेत तोड नाही.

*

माझे बालपण अमेरिकेत गेले, त्यामुळे 'सॅनफर्ड अँड सन' मी आधी पाहिली आणि 'स्टेपटो अँड सन' कितीतरी वर्षांनी. लंडनमधल्या भंगारवाल्या बापलेकांची ही गोष्ट नॉर्मन लिअर आणि बड यॉर्किन यांनी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या कृष्णवर्णीय कुटुंबात नेली. मुलाने घर सोडण्याचा विषय काढला की बापाच्या भूमिकेतला रेड फॉक्स छातीवर हात ठेवून दिवंगत पत्नीला हाका मारतो आणि आपण पोट धरून हसतो. ब्रिटिश मालिकेतला मुलगा मात्र अडकला की खरोखर अडकतो, आणि ते पाहताना हसू मध्येच थांबते. मला दोन्ही प्रिय आहेत. एकीवरून दुसरीला कमी लेखणे मला अन्यायाचे वाटते.

*

'फॉल्टी टॉवर्स'वरून एबीसीने १९८३ मध्ये 'अमँडाज' काढली, तिचे काही भाग मी पाहिले. हॉटेलची मालकीण तिथे विधवा दाखवली आहे. मूळ मालिकेतला हॉटेलमालक बेझिल याची प्रत्येक थाप बायकोच्या धाकातून जन्माला येते. तो धाकच काढून टाकल्यावर उरतो तो केवळ आरडाओरडा. बीआ आर्थरसारखी समर्थ अभिनेत्री असूनही मालिका टिकली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

*

'कपलिंग'ची अमेरिकी आवृत्ती २००३ मध्ये चार भागांनंतर बंद झाली, ते योग्यच झाले.

सीबीएसची २०२१ पासूनची 'घोस्ट्स' मात्र आवर्जून पाहावी. मूळ ब्रिटिश मालिकेत वाड्यात राहणाऱ्या भुतांमध्ये लफड्याच्या भरात मेलेला, विजार नसलेला खासदार आहे. अमेरिकी वाड्यात त्याच्या जागी तसाच विजारीविना वॉल स्ट्रीटचा दलाल येतो, आणि गुहामानवाच्या जागी व्हायकिंग. तिथल्या इतिहासातून वेचलेली ही भुते आपापल्या काळाची बोलतात, म्हणून दोन्ही मालिका लागोपाठ पाहूनही मला कुठेच पुनरुक्ती जाणवली नाही.