नवीन घर, पहिली हत्यारं: तुमच्या पिप्यात आधी काय आलं?

वावरकाठ
परवा आठवडी बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात एक पक्कड दिसली. मुठीवर सायकलची ट्यूब चढवलेली. बाबांची अगदी अशीच होती. वाटणीनंतर वावराजवळ घर बांधलं तेव्हा भांडी, गाद्या, गॅस सगळं आलं, पण घरात खिळा ठोकायला हातोडी नव्हती. जुन्या घरी तेलाच्या पिप्यात सगळं असायचं, कोणी कधी आणलं कोणाला ठाऊक. मी आधी घेतलं ते: हातोडी, पक्कड, लहान-मोठा पेचकस, टेस्टर, मीटर टेप, 10-11 आणि 12-13 चा पाना. तालुक्यावरून मिस्त्री येईपर्यंत दिवस जातो, म्हणून एवढं तरी प्रत्येक घरात असावं असं मनापासून वाटतं. तुमच्याकडे आधी काय आलं? लिहा.

खारपाणपट्टा
पाईप पाना. बाकी सगळं मागून. आमच्या पूर्णेकडच्या बोअरच्या पाण्यानं नळाचं तोंड पांढरं होऊन बसते, मग हातानं फिरत नाही. सोबत अर्धा इंची नळ, वायसर अन् टेफलॉन टेप घरात ठेवाच. टेप आट्यांच्या दिशेनंच गुंडाळा, उलटी गुंडाळली की नळ बसवताना सुटून येते.

पाचरवाली
हातोडीचा दांडा पाहून घ्या हो. एप्रिल-मेमध्ये लाकूड वाळते अन् डोकं ढिलं होते. पाण्यात बुडवून ठेवलं की तेवढ्यापुरतं बसते, खरा उपाय पाचर. बाकी नंतर लिहिते, दूध उतू चाललं.

वायरमन_दादा
टेस्टर यादीत दिसला, बरं वाटलं. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर, आणि कूलरचा करंट लागून माणसं जातात. दरवर्षी पेपरात येते, दरवर्षी जीव तुटतो. म्हणून सविस्तर लिहितो.
टेस्टर वापरायच्या आधी चालू बोर्डात घालून पाहा, तो पेटतो का. नाही पेटला म्हणजे करंट नाही, असं धरून कधीच हात घालू नका. कूलरमध्ये पाणी भरताना, ताट्या बदलताना नुसतं बटन बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून बाहेर काढायची. तीन पिनांचाच प्लग पाहिजे. जाड पिन अर्थिंगची, ती तोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवू नका. एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डातला आपोआप पडणारा खटका, लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तर पडतो, माणसाला करंट लागला तर पडेलच असं नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच पडणारा खटका, वेगळा बसवावा लागतो. नवीन घर आहे तर आत्ताच बसवून घ्या.

कापूसताई
दादा, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या गल्लीत झालंय असं. घरचा कर्ता मुलगा होता. तेव्हापासून कूलरला हात लावायच्या आधी पिन मीच काढते, कोणावर सोडत नाही.

वावरकाठ
ताई, फार वाईट झालं. दादा, आरसीसीबीचं उद्याच विचारतो.

वऱ्हाडी_मानूस
राजेहो, तुमाले नळ अन् कूलर, आमाले वांदरं! कवेलू फोडून टाकले म्हून टिनं टाकले, तं आता टिनावर उड्या मारतेत. खिळे ढिले होतेत अन् पावसात तिथूनच गळते. पाना, हूक अन् डांबरी वायसर, हे आमचं पह्यलं सामान. टिनावर चढाचं असन तं सकाऊन चढा, दुपारी पाय भाजते. वांदरांवर कोनाजौळ काई विलाज असन तं सांगा बाप्पा.

कापूसताई
भाऊ, आमच्याकडे तुरीच्या शेंगा राहू देत नाहीत, टिनाचं काय घेऊन बसलात 😀

सागवान_चंद्रपूर
काळ्या मातीवर घर असेल तर रंधा लागेलच. पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, चौकट थोडी हलते. त्यात दारही फुगते. पण ऐन पावसाळ्यात भराभर रंधा मारू नका, उन्हाळ्यात फट पडून विंचू आत येईल. दार कुठं घासते तिथं खडूची खूण करा, तेवढंच हलकं काढा. आणि हत्यारं जमिनीवर ठेवू नका, दांड्यांना उधई लागते. दांड्यांना जवसाचं तेल पाजा, वर्षानुवर्षं टिकतात. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेते. उघड्यावर पसरून वाळवा.

पाचरवाली
जवसाचं तेल घाणीवर मिळते का अजून? आमच्याकडे जवस चटणीलाच पुरत नाही.

वऱ्हाडी_मानूस
चटनी! भाकर, जवसाची चटनी अन् वरून कच्चं तेल. भूक लागली राजेहो.

पाचरवाली
लसूण जास्त घालायचा, जवस मंद भाजायचा. तडतडला की उतरवा.

खंडेनवमी
एक राहिलं. गावात हत्यार मागायला येणारच, आणि द्यायलाही पाहिजे, उद्या आपल्यालाही लागते. म्हणून प्रत्येक दांड्यावर एकाच रंगाचा पट्टा मारला आहे, आमचा हिरवा. खंडेनवमीला पूजेसाठी सगळं बाहेर निघते तेव्हा काय कोणाकडे राहिलं ते कळते. सब्बल मात्र दरवर्षी फिरतीवरच असते.

घरकुलवाला
आमचं घरकुल मंजूर झालं, पहिला हप्ता आला. पैसे मोजकेच, आत्ता एकच पाना घेता येईल. कोणता घेऊ?

खारपाणपट्टा
अभिनंदन भाऊ! बोल्ट 8 मिलीमीटरचा असेल तर 13 चा पाना बसते, 6 चा असेल तर 10 चा. मोटरसायकल कोणती आहे? तिच्या पिशवीतले पाने आधी पाहा, तेवढे पैसे वाचतील.

घरकुलवाला
पाहतो. सीटखाली आहे काहीतरी.