सुट्टीचा अभ्यास, किल्ला आणि आमचा "फुकटचा" पगार

दोनशिक्षकी_बाई

परवा इथे एका पालकांनी लिहिलं की दिवाळीच्या सुट्टीत शाळेने रोज दोन तासांचा अभ्यास दिलाच पाहिजे, दिला नाही म्हणून त्यांचा मुलगा दिवसभर मोबाईल घेऊन लोळला, आणि मास्तर लोक मात्र दोन आठवडे घरी बसून फुकटचा पगार घेतात. खाली सगळे हो हो म्हणणारे. मी दोनदा लिहून पुसलं, पण डोक्यातून जाईना, म्हणून आता सगळंच लिहिते, लांबलं तर लांबू दे.

मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. म्हणजे एक जण कागद घेऊन तालुक्याला गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. १८ वर्षं झाली. सुरुवातीला मीही दिवाळीचा अभ्यास भरपूर द्यायचे. २० पानं शुद्धलेखन, पाढे, गणितं. सुट्टीनंतर वह्या तपासायला घेतल्या की पहिल्या पानापासून विसाव्या पानापर्यंत एकच पेन, एकच घाई, आणि मधली चार पानं मोठ्या बहिणीच्या अक्षरात. सगळं शाळा उघडायच्या आदल्या रात्री रडत, मार खात लिहिलेलं. आणि मी त्याच्यावर बरोबरची खूण करून सही करायचे.

मग एका दिवाळीत बाजारात गेले. माझ्याकडे तिसरीत असलेला कुंभाराच्या घरचा एक मुलगा आईशेजारी पणत्या घेऊन बसला होता. वर्गात भागाकार म्हटलं की हा मान खाली घालणार. पणत्या १० रुपयांना ३. मी मुद्दाम विचारलं, २५ रुपयांच्या किती येतील रे? त्याने एकदा ढिगाकडे बघितलं आणि म्हणाला, "सात घ्या बाई, अन् ही बारकी एक वर." साडेसात पणत्या होत नाहीत हे त्याला कळत होतं, आणि गिऱ्हाईक नाराज व्हायला नको हेही. त्यानंतर मी सुट्टीचा अभ्यास देणं बंद केलं. घरात काय शिजतंय, कोण येतंय, कोण कुणाशी अबोला धरून बसलंय, कुठली करंजी तेलात फुटली, हे सगळं पोरांना बघू द्या. आल्यावर बोलतात ती, आणि बोलली की लिहितात.

मोबाईल तुम्ही घेऊन दिलात. तो काढून घ्यायचं काम शाळेकडे का?

आयटीतला_बाप

बाई, आदर ठेवून सांगतो, हे गावात जमतं. आम्ही दोघं नोकरी करतो, आजी-आजोबा लातूरला, पाळणाघर दिवाळीत आठवडाभर बंद. ऑफिसला सुट्टी दोन दिवस. मुलगी आठ वर्षांची. आम्ही दोघं आळीपाळीने घरून काम करतो आणि कॉल चालू असताना तिच्या हातात मोबाईल जातो, हो जातो, मला त्याची लाज वाटते पण जातो. शाळेने काहीतरी दिलं असतं तर निदान "बाईंनी सांगितलंय" म्हणून ती बसली असती, माझं कुणी ऐकत नाही घरात. मला अभ्यासाची हौस नाही, मला भीती वाटते की हे दोन आठवडे तिच्या हातून आणि माझ्याही हातून निसटतायत. कोणती करंजी आणि कुठलं तेल? आमच्याकडे फराळ विकतचाच येतो.

तिसरीची_आई

बाई, तुम्ही अभ्यास बंद केलात, आमच्या शाळेने नुसतं नाव बदललं. आता त्याला प्रोजेक्ट म्हणतात.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आपले १२ किल्ले आले ना, तर यंदा प्रत्येकाला चिठ्ठी काढून एकेक किल्ला. आम्हाला जिंजी आला. रोज एक फोटो ग्रुपवर आणि शेवटी मुलाने माहिती सांगायचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मातीचं पोतं विकत आणलं, गॅलरीत ओतलं, चिखलाचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेलं, त्यावरून भांडण. धनत्रयोदशीला रात्री ११ वाजता माझा नवरा थर्माकोल कापतोय आणि ज्याचा किल्ला तो सोफ्यावर झोपलाय. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून प्लास्टरचा तयार किल्ला आणला, वर कागद चिकटवला "जिंजी" म्हणून, संपला विषय.

गडवेडा_७७

तयार किल्ला? प्लास्टरचा? आणि वर जिंजीचं नाव? ताई, वाईट वाटून घेऊ नका पण मला वाचून राग आला. राजाराम महाराज १६८९ ला तिथे पोचले, नंतर मुघलांचा वेढा पडला आणि तो किल्ला १६९८ पर्यंत झुंजला. तीन टेकड्या आहेत त्याला, राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी. मुलाने मातीचे नुसते तीन ढीग केले असते तरी त्याला कळलं असतं की एक टेकडी घेतली म्हणजे किल्ला हातात येत नाही. साच्यातून काढलेल्या चार बुरुजांतून काय कळणार त्याला?

तिसरीची_आई

ढीग कुठे करायचे तेही सांगा. सोसायटीत पार्किंग आहे, माती नाही. खाली मुलांनी जिन्याजवळ दोन विटा लावल्या तर सेक्रेटरींनी लगेच मेसेज टाकला. तुम्ही राग कुणावर काढताय? मला किल्ला करायचाच होता हो. लहानपणी वाड्यात आम्ही सगळी चुलत भावंडं मिळून करायचो, शेणाने सारवायचो, हळीव पेरायचो, भाऊबीजेपर्यंत हिरवागार व्हायचा. मुलाला ते देता आलं नाही म्हणून मीच रडलेय त्या रात्री.

नवा_सभासद

एक शंका, जिंजी महाराष्ट्रात नक्की कुठे येतो?

गडवेडा_७७

तामिळनाडूत आहे. १२ पैकी ११ महाराष्ट्रात, तो एकटा बाहेर. ही शंका येते म्हणूनच मी ओरडतोय. आणि ताई, सेक्रेटरीला घाबरायचं कशाला, पाच घरं मिळून गेलात तर तो काय करणार?

तिसरीची_आई

पाच घरं मिळून जायला पाच घरं आधी सुट्टीला घरी पाहिजेत. निम्मी सोसायटी गावाला गेलेली.

सातारचे_गुरुजी

निवृत्त मुख्याध्यापक आहे, किल्ला स्पर्धेचं परीक्षण २० वर्षं केलंय, म्हणून बोलतो. एका वर्षी एका ठिकाणी इतका देखणा किल्ला की मी पाच मिनिटं नुसता बघत राहिलो. मुलाला विचारलं, बाळ, हा दरवाजा असा वळवून का घेतलास? मुलाने वडिलांकडे बघितलं. वडील उत्तर द्यायला पुढे आले, मी म्हटलं तुम्ही नको. नंबर दिला नाही तर गृहस्थ माझ्या घरापर्यंत भांडायला आले, स्प्रे पेंटचा खर्च सांगत होते.

त्याच गल्लीत दोन बहिणींचा किल्ला होता. एका बाजूला कललेला, हळीव अर्धंच उगवलेलं, मावळे दरवाजापेक्षा मोठे. विचारलं, तळं इथे का? धाकटी म्हणाली, "आम्ही वर केलं होतं, पण पाणी सारखं इथंच येऊन बसत होतं, मग इथंच केलं." त्यांना पहिला नंबर दिला. किल्ल्यावर टाकं कुठे खोदायचं हे त्या पोरीला चिखलाने शिकवलं, मी नाही आणि तिच्या बापानेही नाही.

गडवेडा, तुमचा इतिहास बरोबर आहे, पण तुम्हीही पोराच्या हातात चिखलाआधी सनावळी देताय.

गडवेडा_७७

गुरुजी, तळ्याचं मान्य. सनावळीचंही, चला, अर्धं मान्य. प्लास्टरचं मेलो तरी मान्य करणार नाही.

न्यूजर्सीकर

तुमची भांडणं वाचून हेवा वाटतोय. शेजारी न्यूयॉर्क शहरात सरकारी शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी मिळायला लागली तर केवढा आनंद झाला होता इथल्या लोकांना, आणि ती सुट्टी एक दिवसाची. माझ्या मुलीच्या शाळेत थँक्सगिव्हिंगला अभ्यास देत नाहीत, कुणी मागतही नाही.

करदाता

प्रत्येक विषयात अमेरिका नको. आणि किल्ल्यावरून खाली उतरा आता, मूळ मुद्दा पगाराचा होता, तो बाईंनी सोयीने सोडला. वर्षाला ७६ सुट्ट्या, वर रविवार. माझा भाचा झेडपीच्या शाळेत पाचवीत आहे, त्याला जोडाक्षर वाचता येत नाही. "प्रयत्न" वाचताना अडखळतो. बहिणीने शिक्षकांना विचारलं तर म्हणाले घरी अभ्यास घ्या. बहीण सातवी शिकलेली, शेतमजुरी करते, ती काय घेणार घरी? तुम्ही म्हणता मोबाईल पालकांनी दिला, ते पालकांनी बघावं. मग वाचायला शिकवायचं तरी शाळेने बघावं. करंजी कुठली फुटली हे बघून जोडाक्षर येत नाही.

दोनशिक्षकी_बाई

सोडला नव्हता, सकाळी शाळा उघडली म्हणून उत्तर राहिलं.

तुमच्या भाच्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते शाळेचंच काम, तिथे मी कुणाची बाजू घेणार नाही. पाचवीपर्यंत जोडाक्षर आलं नाही तर आमच्यातल्याच कुणाचं तरी चुकलंय. पण सुट्टीचं म्हणाल तर कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचंय, ते भरावेच लागतात. २०२४ साली २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, आमची प्रशिक्षणं दिवाळीच्या आगेमागेच, मी भाऊबीजेला भावाकडे गेलेच नाही. त्याशिवाय मतदार याद्या, सर्वेक्षणं, खिचडीच्या तांदळाचा हिशोब आणि रोजची ऑनलाइन माहिती. आणि "फुकट"चं म्हणाल तर मी २००७ साली लागले तेव्हा शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं महिना ३,००० रुपयांवर काढली. आता ते १६,००० झालं, तेही २०२३ मध्ये. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, हिशोब मागितलात म्हणून देतेय.

पण आज मला हे काहीच लिहायचं नव्हतं. आज शाळा उघडली. पटावर ४१, हजर १९.

आमच्याकडे सुट्टी संपते म्हणजे काय होतं ते सांगते. यंदा साखर कारखान्यांचं गाळप १ नोव्हेंबरपासून. भाऊबीज झाली की ऊसतोडीला न्यायला मुकादमाच्या गाड्या यायला लागतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे उन्हाळ्यातच घेतलेले असतात, जावंच लागतं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मागे पोरांना सांभाळायला आजी असेल आणि हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झालं तर पोरं गावात राहतात. यंदा आमचं अजून कागदावरच आहे. त्यात सप्टेंबरच्या पुराने पीक गेलं, घरात दाणा नाही, त्यामुळे दरवर्षी न जाणारीही चार घरं गेली.

चौथीतली एक मुलगी निघायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या खोलीवर आली. काखेत धाकटा भाऊ, हातात शाळेचं गोष्टीचं पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. परत करायला आली होती, हरवलं तर बाई रागावतील म्हणून. मी म्हटलं असू दे तुझ्याकडे. ती तिथेच उभी. मग म्हणाली, "बाई, मला अब्यास द्या ना. तिकडं शाळा नसती."

मी, जिने सुट्टीचा अभ्यास बंद केला, तिने रात्री कंदिलाशेजारी बसून वही आखली. रोज एक पान, मार्चपर्यंत. काय बघितलंस ते चार ओळी, आणि गाडीत किती मोळ्या भरल्या त्याचं एक गणित. तेव्हा करदाता, तुमचं एवढं मला मान्य करावं लागतंय की सगळ्या पोरांना एकच नियम लावून मीही चुकत होते. ज्याच्या घरात शिकवायला, बोलायला कुणी नाही त्याला वही द्यायला पाहिजे. तुमच्या भाच्यालासुद्धा.

करदाता

"फुकटचा पगार" हे शब्द इथे मीही उचलून धरले होते. तुमच्यापुरते मागे घेतो. सगळ्यांसाठी नाही. भाच्याच्या शाळेत जाऊन मी स्वतः बोलणार आहे.

आयटीतला_बाप

माझ्या मुलीच्या घरात शिकवायला दोन इंजिनिअर आहेत आणि तरी बोलायला कुणी नाही, हे वाचताना लागलं. अजूनही माझं म्हणणं आहे की शाळेने सुट्टीत काहीतरी द्यावं. पण चार ओळींची वही मी घरीच सुरू करू शकतो, त्याला शाळेची सही लागत नाही. तिने काल पहिलं पान लिहिलं. "बाबा कॉलवर होते. मी खिडकीतून मांजर बघितली." पुढे लिहायला तिला काही सुचलं नाही.

तिसरीची_आई

गडवेडा, प्लास्टरचा किल्ला व्हिडिओ पाठवून झाल्यावर कपाटावर गेला. उरलेली माती गॅलरीतच होती, मुलाने स्वतःहून तीन ढीग केलेत, मोहरी टाकलीय, आज कोंब दिसले. मार्क मिळणार नाहीत याचे.

गडवेडा_७७

फोटो टाका ताई. आणि मधल्या भागाला तट घाला, तिन्ही टेकड्या एकाच तटात आहेत.

वाळव्याची_मॅडम

@दोनशिक्षकी_बाई, मी साखरपट्ट्यात शिकवते, आमच्या गावाबाहेर दरवर्षी ऊसतोड कामगारांचे तीन तळ पडतात. दिवसा खोप्यांवर मुलीच असतात, धाकट्यांना घेऊन. पहाटेच आईबाप फडात गेलेले. आम्ही बोलवायला गेलो की लहानग्याचं काय करू विचारतात, म्हणून आम्ही धाकट्यांनाही वर्गात बसवून घेतो, कुणी काही म्हणो. तुमची टोळी कुठे उतरलीय? मुलीला शिक्षण हमी कार्ड दिलंय का, म्हणजे ते दाखवून तिला इथल्या शाळेत बसवता येईल?

दोनशिक्षकी_बाई

टोळी सांगलीकडे गेलीय एवढंच माहीत आहे, गाव मुकादमाला विचारून आज रात्री कळवते. कार्ड दिलंय, आईने हरवू नये म्हणून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात वहीच्या आत ठेवलंय. तिला अनोळखी माणसांशी बोलायला वेळ लागतो. आधी पुस्तकाबद्दल विचारा.