३० खोल्यांच्या हॉटेलात शाश्वततेची मानके लागू करताना सुरुवात कुठून करावी?

तुकोगंजकर (प्रश्न)
नमस्कार. इंदूरला सरवटे बसस्थानकाजवळ आमचे ३० खोल्यांचे हॉटेल असून खालच्या मजल्यावर उपाहारगृह आहे. अलीकडे कंपन्यांच्या आरक्षणाच्या अर्जात 'आपण शाश्वततेचे कोणते मानक पाळता?' असा रकाना येऊ लागला आहे. शोध घेतला तेव्हा जीएसटीसी, ग्रीन की, आयएसओ १४००१ आणि आयएसओ २१४०१ अशी नावे समोर आली, पण त्यांतले आमच्या उपयोगाचे कोणते, ते ठरवता येत नाही. ओला-सुका कचरा वेगळा करणे आपल्या शहराच्या अंगवळणी पडले आहे, आणि टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करणारी पाटीही आम्ही खोल्यांत लावली आहे. यापुढचे पाऊल कोणते, आणि प्रमाणपत्राचा खर्च आताच करावा का?

विजयनगरचा अभियंता
ही सगळी नावे एका प्रकारची नाहीत. जीएसटीसी, म्हणजे जागतिक शाश्वत पर्यटन परिषद, निकष ठरवते. हॉटेलांना प्रमाणपत्र देण्याचे काम तिने मान्यता दिलेल्या संस्था करतात. ग्रीन की ही डेन्मार्कमध्ये १९९४ साली सुरू झालेली, तपासणी करून दिली जाणारी मान्यता आहे. आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक कोणत्याही उद्योगाला लागू पडते, तर २०१८ सालचे २१४०१ खास निवासव्यवस्थेसाठी आहे. यांपैकी काहीही निवडले तरी तपासणीला येणारा माणूस पाटी पाहून परत जात नाही, तो नोंदवही मागतो. म्हणून प्रमाणपत्राचा खर्च तूर्त थांबवावा आणि आधी वर्षभराच्या नोंदी उभ्या कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोज सकाळी ठरलेल्या वेळी एकाच माणसाने वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे, आलेले टँकर, लागलेले गॅस सिलिंडर आणि आदल्या रात्री भरलेल्या खोल्या लिहाव्यात. महिनाअखेरीस एकूण वीज त्या महिन्यात भरलेल्या खोल्यांच्या बेरजेने भागावी. लग्नसराईत बिल वाढले म्हणजे उधळपट्टी झाली असे नव्हे. उलट पावसाळ्यात निम्म्या खोल्या रिकाम्या असूनही बिल जेमतेम उतरले, तर रिकाम्या खोल्यांवर वीज जळते आहे हे उघड होते. मात्र उपाहारगृहाला वेगळा उपमीटर हवाच, नाहीतर बाहेरून पोहे-जलेबी खायला येणाऱ्या गिऱ्हाइकांचा भार खोल्यांच्या माथी बसतो.

रामबागेतली ताई (हॉटेलच्या गृहव्यवस्थापनात काम)
अभियंतादादांच्या म्हणण्यात पाण्याची भर घालते. इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून आणावे लागते, त्यामुळे आपल्याकडे पाणी वाचले की वीजही वाचते. न्हाणीघरातल्या शॉवरखाली बादली धरून मिनिटभरात किती पाणी भरते ते मोजा. ते ९-१० लिटरांहून जास्त असेल तर कमी प्रवाहाची तोटी बसवा. हा खर्च लहान आहे आणि फरक लगेच मीटरवर दिसतो.

टॉवेलच्या पाटीविषयी मात्र स्पष्ट लिहिते. पाहुणा टॉवेल खुंटीवर टांगून जातो आणि खोली आवरणारी मुलगी तो तरीही धुवायला उचलते, कारण पर्यवेक्षक खोली पाहायला येतो तेव्हा कोरा टॉवेल दिसला नाही तर बोलणी तिलाच खावी लागतात. त्यामुळे 'खुंटीवरचा राहू द्यायचा, जमिनीवरचा बदलायचा' हा नियम आधी पर्यवेक्षकाच्या तपासणीच्या यादीत आला पाहिजे. धुलाईला गेलेल्या चादरी-टॉवेलांची रोजची संख्याही त्याच वहीत उतरवावी.

छावणीतला उपाहारगृहचालक
कचऱ्याचे काम संपले असे समजू नये. शहराकडे २०२२ साली सुरू झालेला, रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकणारा देवगुराडियाचा जैव-सीएनजी (कचऱ्यापासून वाहनांचा गॅस) प्रकल्प आहे, म्हणून आपला कचरा नीट जिरतो. पण मानकाचा प्रश्न मुळात कचरा किती कमी झाला, हा असतो. भाजीची साले आणि ताटातले उष्टे निरनिराळ्या डब्यांत टाकून रोज तोलावे. उष्टे जास्त निघाले तर वाढण्याचे प्रमाण बदलावे लागते, साले जास्त निघाली तर खरेदी आणि चिरणे पाहावे लागते. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या घटकांचे) प्रमाण २५ टक्क्यांपलीकडे गेले की नियमानुसार ते तेल वापरता येत नाही. असे तेल अधिकृत संकलकालाच द्यावे आणि प्रत्येक पावती जपून ठेवावी.

तुकोगंजकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. उपमीटरचे काम याच महिन्यात करून घेतो. तोवर अर्जातल्या त्या रकान्यात काय लिहावे?

विजयनगरचा अभियंता
'पर्यावरणपूरक हॉटेल' असे मोघम लिहू नये. 'प्रमाणपत्र नाही, जीएसटीसीच्या निकषांप्रमाणे वीज, पाणी व कचऱ्याच्या नोंदी अमुक महिन्यापासून सुरू आहेत' असे लिहून मागच्या महिन्याचे दर खोलीमागचे आकडे जोडावेत. त्या निकषांत कर्मचारी आणि स्थानिक समाज यांचाही विचार आहे, तेव्हा नेमणूकपत्रे आणि वेतनाची नोंदवहीही त्याच फाइलीत तयार ठेवावी.