इंग्लंड : नेमकी कुठली काउन्सिल? मदत हवी आहे

नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला येऊन सहा आठवडे झालेत. लंडन नाही, एका काउंटीतलं लहान गाव. सोबत सात वर्षांची मुलगी. इथे ज्याला त्याला विचारावं तर "काउन्सिलला सांगा" म्हणतात, पण काउन्सिल (स्थानिक कारभार पाहणारी संस्था) एकच नाही हे आधी कुणी सांगितलं नाही.

काउन्सिल टॅक्सचं (घरावरच्या स्थानिक कराचं) बिल डिस्ट्रिक्ट काउन्सिलकडून आलं, म्हणून शाळेसाठी त्यांनाच फोन केला. चाळीस मिनिटं वाजणारं संगीत ऐकल्यावर उत्तर आलं, ते काउंटीकडे. दारासमोरच्या खड्ड्याचंही तेच. मग कचऱ्याचा डबा उचलला नाही तेव्हा शहाणपणा करून थेट काउंटीला कळवलं, तर त्यांनी परत डिस्ट्रिक्टकडे धाडलं! बिलावर पाच ओळी आहेत: काउंटी, डिस्ट्रिक्ट, पोलीस, फायर, पॅरिश (गावपातळीची काउन्सिल). यात वरचं कोण? तक्रार कुणाकडे न्यायची?

आणि मतदार नोंदणीचं पत्र आलंय. आमचे पासपोर्ट भारतीय. नवरा म्हणतो, चुकून आलं असेल, टाकून दे.

प्रतिसाद १

ताई, पत्र टाकू नका! भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीयांना स्थानिकच काय, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. पत्राकडे दुर्लक्ष करत राहिलात तर ८० पौंड दंड होऊ शकतो. शिवाय कर्ज देणारे पत्ता पडताळायला मतदार यादी बघतात, म्हणजे नाव असलेलं बरं. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, त्याला भारतीय पासपोर्ट चालतो.

आता वर-खाली. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती हे चित्र डोक्यातून काढा. काउंटी ही डिस्ट्रिक्टची साहेब नाही, कामं वाटलेली आहेत. शाळा, रस्ते, ग्रंथालयं, वृद्धांची देखभाल काउंटीकडे. घरबांधणीची परवानगी, कचरा उचलणं, टॅक्स गोळा करणं डिस्ट्रिक्टकडे. गंमत म्हणजे कचरा उचलते डिस्ट्रिक्ट, त्याची विल्हेवाट लावते काउंटी. बिल डिस्ट्रिक्ट पाठवत असली तरी त्यातला मोठा वाटा काउंटीचा.

तक्रार ज्याचं काम त्याच्याकडेच, आधी लेखी. तिथे दाद लागली नाही तर लोकल गव्हर्नमेंट ओम्बड्समन, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा स्वतंत्र अधिकारी. खड्ड्यासाठी इतकं करायची गरज नाही, तुमच्या काउंटी काउन्सिलरला एक ईमेल टाका. डिस्ट्रिक्टचा काउन्सिलर वेगळा असतो, तिथे घोळ करू नका.

प्रतिसाद २

शाळेसाठी काउंटीच्या साइटवर 'इन-इयर ॲडमिशन' (वर्षाच्या मध्येच शाळाप्रवेश) शोधा. शाळा तोंडी "जागा नाही" म्हणाली तरी अर्ज भराच, लेखी नकार मिळाला की अपील करता येतं. आम्ही तोंडी नकारावर विश्वास ठेवून महिना घालवला.

बिलावरचा बँडही (घराचा करगट) बघा. ए ते एच, आणि तो १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरतो, घर काल बांधलेलं असलं तरी! शेजारच्या तशाच घराचा बँड खालचा असेल तर नव्या रहिवाशाला पहिल्या सहा महिन्यांत आव्हान देता येतं. मात्र तपासणीत बँड वाढूही शकतो, म्हणून आधी नीट तुलना करा.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. पत्र कचऱ्यातून काढलं, चहाचा डाग पडलाय पण कोड वाचता येतोय. शाळेचा अर्ज रात्रीच भरला. खड्डा काउंटीच्या नकाशावर आधीच कुणीतरी नोंदवलेला निघाला.

डबा अजून दारातच आहे.