रिव्हर वर्ग: वजन आणि हातोडा

स्कॉटलंडमधल्या हायलंड रेल्वे कंपनीची १९१५ची ‘रिव्हर’ वर्गाची वाफेची इंजिनं पुलांना झेपेनात, म्हणून ती रचनाच फसली, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. कंपनीच्या स्थापत्य अभियंत्यांनी ती नाकारली, त्यांची रचना करणाऱ्या एफ. जी. स्मिथना पद सोडावं लागलं, सहाही इंजिनं कॅलेडोनियन या दुसऱ्या रेल्वे कंपनीला विकली गेली, इथपर्यंत बरोबर. पण पुलावर नुसतं उभं वजन पडत नाही. चाकांवरच्या संतुलन-वजनांमुळे प्रत्येक फेऱ्याला रुळावर हातोड्यासारखा दणका बसतो, आणि रिव्हरमध्ये तो कमी होता. तेव्हाच्या हिशोबात हे धरलंच नाही!

पुढे एलएमएसच्या (या दोन्ही कंपन्या जिच्यात विलीन झाल्या त्या लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेच्या) काळात, १९२८मध्ये, हीच इंजिनं हायलंडच्याच जुन्या पर्थ–इन्व्हरनेस मार्गावर धावू लागली. स्मिथवर अन्यायच झाला, असं मला ठामपणे वाटतं.